जुन्या पिकअपचे मागचे पाटे नरम करण्यापूर्वी

नाशिक जिल्ह्याच्या द्राक्ष आणि भाजीपाला पट्ट्यात दहा-पंधरा वर्षे वापरलेली पिकअप शेतकऱ्यांकडे सर्रास दिसते. भाड्याच्या धंद्यात उमेदीची वर्षे घालवून ती शेतीच्या कामाला लागते आणि मग दीड टन मालाऐवजी तिच्या हौद्यात कधी औषधाच्या फवारणीचे सामान, कधी रोपांचे ट्रे, तर कधी द्राक्षाचे पंधरा-वीस क्रेट असतात. काम बदलते, पण मागचे पाटे, म्हणजे मागच्या चाकांवर गाडीचे वजन पेलणारे पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग, तेच राहतात. अशी गाडी रिकामी किंवा अर्धवट भरलेली असताना पेठ रस्त्याने नेली, तर प्रत्येक खड्ड्याला मागचा भाग उसळतो, चालकाची कंबर धरते आणि क्रेटमधल्या घडांचे मणी गळतात. मालक गॅरेजमध्ये जाऊन तक्रार सांगतो आणि बहुतेक ठिकाणी त्याला एकच उत्तर मिळते: "भाऊ, एक पाटा काढून टाकू, गाडी नरम होईल." हे उत्तर काही वेळा बरोबर असते, बऱ्याचदा अपुरे असते आणि काही वेळा धोक्याचे असते. गाडीचा कडकपणा पाट्याच्या पोलादात आहे की पाट्यांमधल्या गंजात आणि जाम झालेल्या सांध्यांत आहे, याचा निकाल लावल्याशिवाय एकही पाटा काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यामागची कारणे या लेखात सविस्तर मांडली आहेत.

पाट्यांच्या संचाची रचना आधी समजून घेऊ. सर्वांत लांब असतो तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोके वळवून डोळे केलेले असतात. पुढचा डोळा चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, पिनने थेट जोडलेला असतो आणि मागचा डोळा शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला जोडलेला असतो, कारण ओझ्याखाली पाटा सपाट होताना त्याची दोन टोकांमधली लांबी वाढते आणि ती लांबी सामावून घेण्यासाठी एका टोकाला हालचाल लागते. मेन पाट्याखाली क्रमाने आखूड होत जाणारे पाटे रचलेले असतात, मधोमध एक सेंटर बोल्ट त्या सगळ्यांना ओवून धरतो आणि दोन यू-बोल्ट हा संच ॲक्सलवर, म्हणजे मागच्या चाकांच्या आसावर, आवळून बसवतात. अनेक गाड्यांत सर्वांत खाली, किंवा मुख्य संचाच्या वर स्वतंत्रपणे, जाड आणि जवळजवळ सपाट असा हेल्पर पाटा असतो, जो ठरावीक ओझ्यानंतरच टेकतो आणि कामाला लागतो. हा संच केवळ वजन पेलत नाही. मागचा ॲक्सल चासीखाली आपल्या जागी धरून ठेवणे, इंजिनाचा जोर आणि ब्रेकचा ताण चासीपर्यंत पोहोचवणे ही कामेही तोच करतो. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत या कामांसाठी वेगळे दांडे असतात. पाट्यांच्या गाडीत ते नसतात, आणि पाट्यांशी केलेला प्रत्येक बदल ब्रेक आणि वळण यांच्यापर्यंत पोहोचतो तो यामुळेच.

पाट्याचा कडकपणा कशावर ठरतो, याचे गणित सोपे आहे. पाट्याची रुंदी दुप्पट केली तर कडकपणा दुप्पट होतो, पाट्यांची संख्या वाढवली तर त्या प्रमाणात वाढतो. पण जाडीचा परिणाम घनाच्या प्रमाणात होतो. त्यामुळे १२ मिलिमीटर जाडीचा एक पाटा तितक्याच लांबीच्या ८ मिलिमीटरच्या जवळजवळ साडेतीन पाट्यांइतका कडक असतो. लांबीचा परिणामही घनानेच होतो, फक्त उलट दिशेने: पाटा दहा टक्के लांब केला तर कडकपणा सुमारे पाव हिश्श्याने कमी होतो. "एक पाटा काढला" या वाक्याला म्हणूनच स्वतःचा असा अर्थ नाही. कोणत्या जाडीचा, कोणत्या लांबीचा आणि रिकाम्या गाडीत टेकलेला की न टेकलेला, हे सांगितल्यावरच त्याला अर्थ येतो.

आता भरलेली गाडी मऊ आणि रिकामी गाडी कडक का लागते, ते पाहू. गाडीचा मागचा भाग पाट्यांवर वरखाली होण्याचा एक नैसर्गिक वेग असतो आणि तो पाटे स्थिर ओझ्याखाली किती दबले आहेत यावर ठरतो. उदाहरणापुरते धरू, की दोन्ही बाजूंचे पाटे मिळून दर सेंटिमीटरला १०० किलो पेलतात. रिकाम्या गाडीत मागच्या पाट्यांवर ५०० किलो असतील तर पाटे ५ सेंटिमीटर दबतात आणि मागचा भाग सेकंदाला सुमारे २.२ वेळा डोलतो. त्यावर एक टन माल टाकला की पाटे १५ सेंटिमीटर दबतात आणि हा वेग सेकंदाला सुमारे १.३ वर येतो. माणसाला साधारण १ ते १.५ हा टप्पा सुखाचा वाटतो. म्हणजे गाडीच्या रचनेत दोष नसतो. ती भरलेल्या अवस्थेसाठीच बांधलेली असते.

याच उदाहरणात पाच सारख्या पाट्यांपैकी एक काढला, असे ढोबळमानाने धरू. कडकपणा वीस टक्क्यांनी घटून दर सेंटिमीटरला ८० किलो होतो. रिकाम्या गाडीचा डोलण्याचा वेग २.२ वरून जेमतेम २ वर येतो, कारण तो कडकपणाच्या वर्गमुळाने बदलतो. भरलेल्या गाडीत मात्र पाटे १५ ऐवजी जवळजवळ १९ सेंटिमीटर दबतात, आणि उरलेल्या प्रत्येक पाट्यावरचा ताण पंचवीस टक्क्यांनी वाढतो. पोलादाचा थकवा ताणाच्या सरळ प्रमाणात वाढत नसतो, त्याहून कितीतरी झपाट्याने वाढतो. त्यामुळे ताण पाव हिश्श्याने वाढला तर पाट्याचे आयुष्य पाव हिश्श्याहून पुष्कळच जास्त घटते. मिळणारे सुख थोडे आणि मोजावी लागणारी किंमत मोठी, असा हा व्यवहार आहे. पाटा काढून "फार काही फरक पडला नाही" असे सांगणारे मालक भेटतात, त्यांचा अनुभव या आकड्यांशी पूर्णपणे जुळतो.

मग जुनी गाडी नव्यापेक्षाही जास्त हादरते ती कशामुळे? पोलाद वयाबरोबर कडक होत नाही. झालेच तर पाटे बसतात आणि त्यांची गोलाई कमी होते. वाढते ते घर्षण. वहीची पाने कडेला सुटी असताना वही सहज वाकते, कारण प्रत्येक पान शेजारच्या पानावर थोडे सरकते. तीच पाने भिजून चिकटली की वही पुठ्ठ्यासारखी ताठ होते. पाट्यांचेही तसेच आहे. पाटा वाकतो तेव्हा प्रत्येक पाट्याचे टोक वरच्या पाट्यावर काही मिलिमीटर सरकावे लागते. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ आणि सुरगाणा या पावसाच्या तालुक्यांत चार महिने चिखलपाण्यातून फिरलेल्या गाडीत पाट्यांच्या फटींत पाणी राहते, त्यात काळ्या मातीचा गाळ बसतो आणि गंजाचे थर धरतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे फट भरून येते आणि पाटे एकमेकांना घट्ट धरतात. शिवाय वर्षानुवर्षे एकाच जागी घासून खालच्या पाट्याचे टोक वरच्या पाट्यात खाच पाडते आणि मग ते त्या खाचेत अडकून बसते.

याचा परिणाम नेमका कुठे होतो, ते कळले की रिकाम्या गाडीचे हाल समजतात. मोठा खड्डा आला तर घर्षण मोडून पाटे हलतात. पण रस्त्यावरच्या लहान, सलग खाचखळग्यांचा धक्का घर्षण मोडण्याइतका जोरकस नसतो, म्हणून पाटे जागचे हलतच नाहीत. त्या क्षणी गाडी फक्त टायरवर उभी असते आणि टायर पाट्यांपेक्षा कित्येक पट कडक असतो. आपल्या उदाहरणातल्या गाडीचा मागचा भाग अशा वेळी सेकंदाला दोनदा नव्हे, तर चारहून अधिक वेळा थरथरतो. बसलेल्या माणसाचे शरीर उभ्या दिशेच्या ज्या थरथरीला सर्वांत जास्त त्रासते, ती सेकंदाला ४ ते ८ या टप्प्यातली असते. पाटे गंजाने धरले, की गाडी नेमकी या टप्प्यात जाऊन बसते.

घडांचेही तेच होते. हौद्याचा तळ खाली पडणाऱ्या वस्तूपेक्षा जास्त वेगाने खाली जातो तेव्हा क्रेटमधला वरचा थर क्षणभर अधांतरी राहतो आणि लगेच आपटतो. हे दर मिनिटाला शेकडो वेळा घडले, तर देठापासून मणी सुटणारच. ॲक्सलच्या मागे, फाळक्याजवळ ठेवलेले क्रेट सर्वांत जास्त आपटतात. म्हणून माल थोडा असेल तेव्हा तो केबिनच्या बाजूला, ॲक्सलच्या पुढे रचावा. या उपायाला खर्च काहीच नाही.

घर्षण किती आहे, हे घरच्या घरी मोजता येते, आणि गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी प्रत्येक मालकाने हे मोजावे असे मला मनापासून वाटते. गाडी सपाट फरशीवर रिकामी उभी करावी, हँडब्रेक न लावता चाकांना पुढेमागे लाकडी ठोकळे लावावेत, मागचा भाग हाताने दोन-तीनदा दाबून सोडावा आणि दोन्ही बाजूंना ॲक्सलपासून चासीपर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवावे. जमिनीपासून मोजू नये, कारण टायरही दबतो. मग कांद्याच्या ५० किलोच्या चार गोण्या एकामागून एक, आपटू न देता, बरोबर ॲक्सलच्या वर ठेवाव्यात आणि प्रत्येक गोणीनंतर मोजावे. पाटे मोकळे असतील तर अंतर दर गोणीला जवळपास सारखेच घटते. आपल्या उदाहरणात अर्ध्या सेंटिमीटरने. पहिल्या दोन गोण्यांना काहीच हालले नाही आणि तिसऱ्या गोणीला गाडी एकदम खाली बसली, तर पाटे धरलेले आहेत. नंतर गोण्या तशाच सावकाश उतरवाव्यात. सगळ्या उतरवल्यावरही अंतर मूळ मापापेक्षा सेंटिमीटरभर कमीच राहिले आणि मागून हात देऊन गाडी हलवताच ती वर उठली, तर तो सेंटिमीटर निव्वळ घर्षणाचा आहे. अशा गाडीचा पाटा काढणे म्हणजे मूळ दुखणे तसेच ठेवून निरोगी अवयवाला हात लावणे होय.

घर्षणाच्या जोडीला आणखी काही संशयित तपासावे लागतात. शॅकलकडे पाहावे: रिकाम्या गाडीत तो तिरका आणि झुलायला मोकळा असावा. तो चासीला टेकलेला असेल किंवा त्याची पिन गंजून जाम झाली असेल, तर पाट्याला लांब व्हायला जागाच उरत नाही आणि कितीही पाटे काढले तरी गाडी नरम होत नाही. रबरी बुशच्या बाबतीत एक बारकावा बहुतेक गॅरेजमध्ये दुर्लक्षिला जातो. पाट्याच्या डोळ्यात पिनभोवती बसवलेली ही रबरी नळी बेअरिंगसारखी गोल फिरत नाही. तिचे रबर पिळले जाते आणि परत येते. गाडी जॅकवर चढवून, ॲक्सल लोंबकळत असताना बुशचे बोल्ट आवळले, तर गाडी खाली उतरवताच बुश कायमचा पिळलेला राहतो, पाट्याच्या हालचालीला विरोध करतो आणि लवकर फाटतो. म्हणून हे बोल्ट आधी हलके बसवावेत, गाडी चाकांवर उभी करावी आणि मगच शेवटचे आवळावेत.

बंप रबर, म्हणजे ॲक्सल थेट चासीवर आपटू नये म्हणून लावलेला रबरी ठोकळा, हा वेगळाच विषय आहे. पाटे बसून गोलाई गेलेल्या गाडीत ॲक्सल आणि बंप रबर यांच्यातले अंतर कमी झालेले असते आणि प्रत्येक मध्यम खड्ड्याला ॲक्सल त्या रबरावर आपटतो. चालकाला तो धक्का पाट्याच्या कडकपणाचा वाटतो, वास्तविक तो पाट्याच्या अशक्तपणाचा असतो. रबरावर ताजे, चकचकीत ठसे दिसत असतील तर हेच घडते आहे, असे समजावे. हेल्पर पाट्याचेही असेच आहे. मुख्य संच बसला की हेल्पर रिकाम्या गाडीतही टेकून राहतो आणि ज्याने एक टन मालाला साथ द्यायची, तो रिकाम्या हौद्याला ताठ धरून ठेवतो. अशा गाडीचा मुख्य संच नीट करून तिला मूळ उंचीवर आणले, तर हेल्पर सुटतो आणि गाडी उंच होऊनही नरम होते. उलट, हेल्पर मुळातच न टेकणारा असेल, तर तो काढून रिकाम्या गाडीत तसूभरही फरक पडत नाही. फक्त भरल्या गाडीचा आधार जातो. म्हणून हेल्परच्या टोकाशी कागदाची पट्टी सरकवून पाहावी. ती आरपार गेली, तर हेल्परला दोष देऊ नये.

टायरमधली हवा आणि शॉकअप यांच्याबद्दल थोडक्यात सांगतो. हवेचा दाब कंपनीने दरवाजाच्या खांबावर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो आणि अनेक पिकअपना रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठी तो वेगवेगळा असतो. वर्षभर भरल्या गाडीचा दाब ठेवून फिरणे हे हादऱ्यांचे सर्वांत स्वस्तात दूर होणारे कारण आहे. मात्र दिलेल्या आकड्याच्या खाली जाऊ नये आणि माल भरण्यापूर्वी हवा पुन्हा पूर्ण करावी, कारण कमी हवेचा टायर ओझ्याखाली तापून फुटतो. शॉकअप वजन पेलत नाही, तो डोलणे थांबवतो. तो काढून टाकला तर गाडी नरम लागण्याऐवजी उड्या मारत राहते आणि चाक रस्ता सोडते.

तपासणीत घर्षण हेच मुख्य कारण निघाले, आणि जुन्या गाडीत बहुधा तेच निघते, तर पाटे खोलून साफ करणे हा खरा उपाय आहे. द्वारकेपासून आडगाव नाक्यापर्यंतच्या पट्ट्यात आणि अंबड-सातपूरच्या आसपास हे काम करणारे अनुभवी मिस्त्री मिळतात आणि ते त्यांच्याकडूनच करून घ्यावे. तरीही कामावर उभे राहून काय पाहायचे, ते मालकाला माहीत असावे. गाडी जॅकवर नव्हे, तर चासीखाली भक्कम घोड्या लावून उभी असावी. संच बाहेर काढल्यावर सेंटर बोल्ट खोलण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना शिकंजे आवळलेले असावेत, कारण वेगवेगळ्या गोलाईचे पाटे एकमेकांवर दाबून बसवलेले असतात आणि बोल्ट सुटताच ते जोराने उसळतात. या झटक्याने हात मोडू शकतो.

पाटे सुटे झाले की प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशने दोन्ही बाजूंनी घासून, मध्यभागी बोल्टच्या भोकाभोवती आणि यू-बोल्टच्या कडेला तडा आहे का, हे उजेडात पाहावे. पाटा बहुतेक वेळा तिथेच तुटतो, विशेषतः यू-बोल्ट सैल राहिलेले असतील तर. तडा गेलेला पाटा वेल्डिंग करून वापरू नये. पाट्याच्या पोलादाला तापवून, विझवून आणि पुन्हा मर्यादित उष्णता देऊन लवचीकपणा आणलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तो गुण त्या जागी नष्ट होतो आणि पुढचा तडा वेल्डिंगच्या शेजारूनच सुरू होतो. याच कारणाने पाटा भट्टीत लाल करून वाकवणेही टाळावे. थंड पाटा ठोकून गोलाई देण्याची पद्धत जुनी आहे आणि तिने उंची मिळते. पण त्यामुळे कडकपणा बदलत नाही, आणि थकलेला पाटा काही महिन्यांत पुन्हा बसतो. पाटे फारच बसले असतील तर ठोकण्यापेक्षा नवा संच घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

घासलेल्या पाट्यांत पडलेल्या खाचांच्या धारा हलक्या हाताने गुळगुळीत कराव्यात आणि खालच्या प्रत्येक पाट्याच्या टोकाची वरची धार गोलसर करावी, म्हणजे ते टोक पुन्हा वरच्या पाट्यात रुतणार नाही. ग्राइंडर वापरायचा तर थांबून थांबून वापरावा. पाट्यावर निळसर झाक आली, तर तिथले पाणी, म्हणजे उष्णता देऊन आणलेला लवचीकपणा, उतरले असे समजावे. टोकांखाली नायलॉनच्या चकत्या बसवण्याची सोय असेल तर त्या नव्या टाकाव्यात. पाट्यांमध्ये ग्राफाइटचा कोरडा लेप किंवा ग्राफाइट ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. जाड ग्रीस धूळ धरून ठेवते आणि तीच धूळ पुढे घासकागदाचे काम करते. पाट्यांवर जळके ऑईल मारण्याची पद्धत अजूनही आहे, ती सोडून द्यावी. ते ओघळून ब्रेकच्या ड्रमपर्यंत जाऊ शकते आणि बुशचे रबर फुगवते.

साफसफाईनंतर मालकाला एक अनपेक्षित गोष्ट जाणवू शकते: गाडी नरम होते, पण खड्ड्यानंतर डोलत राहते. गंजलेल्या पाट्यांचे घर्षण आजवर शॉकअपचेही थोडे काम करत होते आणि त्याच्या आड निकामी शॉकअप लपून राहिले होते. अशा वेळी दोन्ही मागचे शॉकअप जोडीने बदलावेत. त्यात जादा भारासाठी मिळणारा कडक प्रकार न घेता गाडीच्या मूळ मापाचाच घ्यावा, नाहीतर पाट्यांतून काढलेला कडकपणा शॉकअपच्या वाटेने परत येतो.

इतके करूनही गाडी कडक वाटत असेल, आणि तिच्यावर पूर्वीइतका माल पुन्हा कधीच जाणार नाही हे नक्की असेल, तर पाटा कमी करण्याचा विचार करता येतो. त्यात मेन पाटा आणि त्याच्या लगतचा दुसरा पाटा यांना कधीही हात लावू नये. अनेक संचांत दुसऱ्या पाट्याची टोके मेन पाट्याच्या डोळ्याभोवती वळवलेली असतात, ती अशासाठी की मेन पाटा तुटला तरी ॲक्सल चासीखालून निसटू नये. काढायचा तर मधला एक पाटा, आणि दोन्ही बाजूंचा नेमका तोच. संचाची एकूण जाडी कमी झाल्यामुळे सेंटर बोल्ट योग्य लांबीचा नवा लागतो. यू-बोल्टही नवेच घ्यावेत, कारण एकदा पूर्ण ताणाने आवळलेला यू-बोल्ट खेचला गेलेला असतो आणि पुन्हा तितकी पकड देत नाही. त्यापेक्षा बरा मार्ग म्हणजे मुख्य संच हलका ठेवून हेल्परचे टेकणे थोडे उशिरा येईल असे जुळवून घेणे. रिकामी गाडी नरम राहते आणि द्राक्षाच्या हंगामात भरलेल्या गाडीला आधार मिळतो. काही गाड्यांसाठी पॅराबोलिक पाटे मिळतात. त्यांत मोजकेच पाटे असतात, प्रत्येकाची जाडी मधून टोकांकडे कमी होत जाते आणि ते मध्यभाग व टोके सोडून एकमेकांना टेकत नाहीत, म्हणून घर्षण फारच कमी असते. आपल्या गाडीच्या मापाचे आणि भाराचे मिळत असतील, तर खर्च करण्याजोगा पर्याय हाच आहे.

पाटा कमी केल्यावर ब्रेककडे लक्ष द्यावेच लागते. अनेक पिकअपच्या मागच्या ॲक्सलजवळ एक झडप असते, जी एका दांड्याने किंवा स्प्रिंगने ॲक्सल आणि चासी यांच्यामधले अंतर ओळखते. अंतर कमी, म्हणजे गाडी भरलेली, असे समजून ती मागच्या ब्रेकला जास्त दाब देते. अंतर जास्त असेल तर दाब कमी करते. पाटा काढून रिकामी गाडी खाली बसली, की झडप फसते, रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकांना भरलेल्या गाडीचा दाब जातो आणि ओल्या रस्त्यावर ती चाके आधी जाम होतात. सावळ घाटाच्या उतारावर पावसात मागची चाके जाम होणे म्हणजे गाडीची शेपटी फिरणे. उलट, गोलाई देऊन गाडी उंच केली, तर भरलेल्या गाडीलाही मागून कमी ब्रेक मिळतो. म्हणून उंची कोणत्याही दिशेने बदलली, तरी कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे ही झडप पुन्हा जुळवून घ्यावी, आणि मागचा भाग खाली गेला असेल तर हेडलाइटचा झोत वर जातो, तोही खाली आणावा. नरम केलेल्या संचात आणखी एक दोष येतो: पहिल्या गिअरमध्ये जोर दिला की पाटा इंग्रजी 'एस' अक्षरासारखा पिळतो, ॲक्सलचा पुढचा भाग वर उचलला जातो आणि इंजिनाचा जोर मागच्या ॲक्सलकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टमधून धडधड ऐकू येते. चढावर सुटताना असा आवाज येऊ लागला, तर संच प्रमाणाबाहेर नरम झाला आहे, असे समजून काढलेला पाटा परत बसवावा.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि कंपनीने मूळ दिलेला तपशील यांत तफावत पडेल. मालवाहू गाडीचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी करावे लागते, म्हणजे जुन्या पिकअपची तपासणी दर वर्षी होते. शिवाय पाटा काढल्याने आरसी बुकातले भारवहन बदलत नाही. बदलते ती गाडीची खरी ताकद. गाडी दुसऱ्याला विकताना किंवा नवा चालक ठेवताना ही गोष्ट स्पष्टपणे सांगावी, कारण आरसी बुकातला आकडा पाहून तो दीड टन कांदा भरेल आणि उरलेले पाटे तो भार पेलू शकणार नाहीत.

काम पूर्ण झाल्यावर रिकाम्या गाडीची दोन्ही बाजूंची उंची पुन्हा मोजून लिहून ठेवावी. दोन बाजूंत सेंटिमीटरहून जास्त फरक असेल, तर मिस्त्रीकडून संच पुन्हा बघून घ्यावा. यू-बोल्ट आडवे-तिरपे, क्रमाक्रमाने आवळलेले असावेत आणि माल भरून झालेल्या पहिल्या फेरीनंतर ते पुन्हा आवळून घ्यावेत, कारण नव्याने रचलेले पाटे पहिल्या ओझ्याखाली एकमेकांवर बसतात आणि तेवढ्यानेच बोल्ट सैल होतो. चार-पाचशे किलोमीटरनंतर आणखी एकदा पाना लावून पाहावा आणि त्याच वेळी लिहून ठेवलेल्या उंचीशी नवे माप ताडून पाहावे.